मीटरच्या पोटातली वही



आपल्यातले बरेच जण शिकले इलेक्ट्रॉनिक्स किंवा इलेक्ट्रिकल आणि पोट भरतात सॉफ्टवेअरवर. त्यामुळे आजचा विषय अगदीच परका वाटू नये: टेबलावर ठेवायचे अचूक मल्टिमीटर, आणि त्यांचं झाकण उघडून आत बदल करणारे लोक. लेख जरा लांबलाय, तेव्हा शनिवार सकाळसाठी ठेवलात तरी चालेल.

आधी थोडी ओळख. कॉलेजच्या लॅबमध्ये आपण वापरला तो नाशिकच्या मोटवानेचा काट्याचा मीटर, किंवा फार तर साडेतीन आकडी डिजिटल. यातल्या 'साडे'चा अर्थ असा की सगळ्यात पुढचा आकडा फक्त ० किंवा १ होऊ शकतो, म्हणून तो अर्धा, बाकीचे पूर्ण. या हिशेबाने साडेआठ आकडी मीटरवर १० व्होल्टच्या रेंजला शेवटचा आकडा १० नॅनोव्होल्टचा असतो. अशा मीटरची अचूकता टक्क्यांत सांगत नाहीत, पीपीएममध्ये सांगतात, म्हणजे दहा लाखात एक. मुंबई-नागपूर साधारण ८०० किलोमीटर धरलं तर एक पीपीएम म्हणजे ८० सेंटिमीटर. वर्षभरात मीटर चार-आठ पीपीएम सरकला तर त्याला कोणी बिघडला म्हणत नाही, तेवढं त्याला कागदोपत्री मंजूर असतं.

एचपीचा ३४५८-ए हा या घराण्यातला सगळ्यात नावाजलेला मीटर. १९८९ साली आला आणि तीस वर्षांहून जास्त काळ विकला गेला. आधी एचपीच्या नावाने, मग एजिलेंटच्या, मग कीसाइटच्या. त्याच्या पोटात २४ पायांची एक जाडजूड काळी चिप आहे, डॅलस सेमीकंडक्टरची डीएस-१२२०. क्षमता २ किलोबाइट. आपल्या ईमेलच्या सहीतला कंपनीचा लोगोसुद्धा याहून मोठा असतो. पण हा विशिष्ट मीटर कुठल्या रेंजवर नेमका किती चुकतो, ते त्या २ किलोबाइटमध्ये लिहिलेलं असतं. लॅबमध्ये खरा व्होल्ट दाखवून ही नोंद करतात, आणि पुढे प्रत्येक वाचन त्या नोंदीने दुरुस्त होऊनच पडद्यावर येतं. मी तिला मीटरची वही म्हणतो. तांबं, सिरॅमिक, सोनं सगळं जागेवर असलं आणि वही कोरी झाली, तर तो मीटर कितीही आकडे दाखवू दे, त्यातल्या मागच्या आकड्यांवर विश्वास ठेवता येत नाही.

आता गंमत अशी की ही वही ज्या चिपमध्ये आहे तिच्या आतच एक लिथियमची बॅटरी इपॉक्सीत गाडलेली आहे. साध्या रॅमला ती बॅटरी जागं ठेवते. उत्पादकाने हमी दिली होती दहा वर्षांची. १९८९ पासूनची वर्षं मोजून पाहा.

ही वही मुळात आली कुठून, त्यासाठी जरा मागे जातो.

व्होल्ट म्हणजे किती हे जगाला बरीच वर्षं वेस्टन सेल सांगत असे. एडवर्ड वेस्टनचा कॅडमियम आणि पाऱ्याचा सेल १८९३ चा. १९११ पासून तो आंतरराष्ट्रीय मानक झाला. व्होल्टेज सुमारे १.०१८. राष्ट्रीय प्रयोगशाळांत असे पुष्कळ सेल स्थिर तापमानाच्या तेलात बुडवून ठेवलेले असत आणि त्यांची सरासरी म्हणजे त्या देशाचा व्होल्ट. सेल हलवला की तो रुसणार, गरम झाला की रुसणार, परत ताळ्यावर यायला दिवस घेणार. त्यामुळे ज्याच्या मागे वीस वर्षांच्या नोंदी आहेत तो सेल नव्या कोऱ्या सेलपेक्षा मोलाचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

डिजिटल व्होल्टमीटर आला १९५२ मध्ये. अँड्र्यू के नावाच्या माणसाने कॅलिफोर्नियात डेल मार इथे नॉन-लिनियर सिस्टिम्स ही कंपनी काढली आणि काटा वाचण्यातली माणसाची चूक काढून टाकण्यासाठी आकडे दाखवणारा मीटर बनवला. आत टेलिफोन एक्स्चेंजसारखे स्टेपिंग स्विच. याच के साहेबांनी पुढे १९८२ मध्ये केप्रो नावाचा उचलून नेता येणारा कॉम्प्युटर काढला. केप्रो १९९२ मध्ये दिवाळखोरीत गेली, पण त्यांच्या व्होल्टमीटरची वंशावळ चालू राहिली. असो.

पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत मोजण्याची पद्धत बदलली. ड्युअल स्लोप ही पद्धत आपण सगळ्यांनी परीक्षेसाठी पाठ केली आहे. एका बादलीत अज्ञात धारेने ठराविक वेळ पाणी भरायचं, मग ठाऊक असलेल्या धारेने रिकामी करायची आणि रिकामी व्हायला किती वेळ लागला ते मोजायचं. ठाऊक धार म्हणजे रेफरन्स. सगळी भिस्त तिच्यावर.

आणि चूक दुरुस्त कशी करायची? प्रीसेट फिरवून. जुन्या मीटरचं झाकण काढलं की आत प्रीसेटची रांग दिसते, प्रत्येक रेंजला एकेक. कॅलिब्रेशन करणारा माणूस छोटा स्क्रूड्रायव्हर घेऊन एकेक जुळवत जायचा आणि शेवटी लाखेचा एक टिपका लावून तो हलणार नाही असं बघायचा. या पद्धतीत एक मोठी उणीव होती, आणि ती अचूकतेची नव्हे. प्रीसेट फिरवला की तो आधी कुठे होता हे कायमचं पुसलं जातं. माणसाने वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ठेवलं असेल तरच कळणार. मीटरला स्वतःला काही आठवत नसे.

१९७० च्या दशकाच्या शेवटी आणि ८० च्या सुरुवातीला मायक्रोप्रोसेसर आत आला, आणि प्रीसेटच्या जागी मेमरीतले आकडे आले. इंग्लंडमधल्या डेट्रॉन कंपनीच्या मीटरना मागच्या बाजूला चक्क किल्ली असे. किल्ली फिरवली की कॅलिब्रेशन लिहिता येणार, काढली की बंद. एचपीच्या ३४७८-ए ला पुढच्याच पॅनेलवर स्क्रूड्रायव्हरने फिरवायची एक बारीक खाच आहे, कॅल एनेबल नावाची. झाकण उघडायची गरजच राहिली नाही. एचपीने त्या काळी याचा बराच गाजावाजा केला होता, आणि तो रास्त होता.

३४७८-ए बद्दल थोडं जास्त लिहितो, कारण फर्मवेअरची पहिली सुरस कथा त्याचीच. साडेपाच आकडी, साधा, भक्कम, १९८० च्या दशकातला मीटर. आत इंटेलच्या ८०३९ जातीचा प्रोसेसर. वही आहे ५१०१ जातीच्या छोट्या रॅममध्ये: २५६ जागा, प्रत्येक जागा ४ बिट्सची. आणि तिला जागं ठेवायला बोर्डावर सोल्डर केलेला ३ व्होल्टचा लिथियम सेल. मीटर बनवणाऱ्यांनी मनात दहा वर्षांचा हिशेब धरला असणार. तेवढ्यात सेल बदलला जाईल, मीटर परत लॅबमध्ये जाईल, नवी वही लिहिली जाईल. तो मीटर चाळीस वर्षांनी कोणाच्या तरी गॅरेजमध्ये रोज वापरात असेल हे त्यांच्या गणितात बसलं नसावं.

सेल संपत आला की करायचं काय? काढला की वही कोरी. सुरुवातीला लोकांनी केलं ते धाडसच होतं: मीटर चालू ठेवून, म्हणजे आत मेन्सची वीज खेळती ठेवून, सोल्डरिंग आयर्नची वायर ऐन वेळी सॉकेटमधून काढून, गरम टोकाने जुना सेल उचलायचा आणि नवा बसवायचा. किंवा आधी जुन्याला समांतर दुसरा सेल जोडायचा. चालतं, पण उघड्या मेन्सजवळ हात घालायचा हा प्रकार मी कोणाला सुचवणार नाही.

खरा मार्ग फर्मवेअरमधून निघाला. काही मंडळींनी त्या ८०३९ साठी लिहिलेला रॉम वाचून काढला आणि डिसअसेम्बल केला. साठीतले निवृत्त इंजिनिअर, विशीतले विद्यार्थी, सगळे हौशी. कमांड कुठे तपासल्या जातात ते शोधताना त्यांना माहितीपुस्तिकेत नसलेल्या दोन अक्षरी नव्हे, एकाच अक्षराच्या कमांड सापडल्या. जीपीआयबी केबलवरून 'डब्ल्यू' आणि त्यापुढे पत्ता पाठवला की मीटर त्या पत्त्यावरचे ४ बिट्स परत देतो. 'एक्स' पाठवलं तर लिहितो. कारखान्यातल्या माणसांनी स्वतःच्या सोयीसाठी ठेवलेलं मागचं दार असावं. आपण सगळे अशी दारं कोडमध्ये ठेवतो आणि विसरतो, त्यामुळे मला त्या अनोळखी प्रोग्रॅमरबद्दल लगेच आपुलकी वाटली.

या एका शोधाने गणित पालटलं. आता २५६ वेळा विचारा, २५६ उत्तरं फाइलमध्ये ठेवा, मग निवांत वीज बंद करून सेल बदला आणि वही परत लिहा. त्याच्या पुढची पायरी म्हणजे ती ५१०१ चिपच काढून तिच्या जागी छोट्या पीसीबीवर एफरॅम बसवायची. एफरॅम वीज गेली तरी विसरत नाही आणि तिला बॅटरी लागत नाही. माझ्याकडे असलेल्या ३४७८-ए ची वही मी अशीच काढून घेतली. प्रत्येक नोंदीच्या शेवटी चेकसम असतं, ती सगळी जुळली. कोणत्या लॅबमध्ये, कोणी, कधी ते आकडे लिहिले याचा पत्ता नाही, पण माणूस काम चोख करून गेला होता.

इथे एक फरक नोंदवतो. या बदलाने मीटरच्या मोजण्याच्या भागाला, म्हणजे रेफरन्स, रेझिस्टर, इंटिग्रेटर यांना हात लागत नाही. आकडे तेच, फक्त ठेवायची जागा बदलली. जुनी वही नव्या कापडात बांधली, एवढंच.

आता परत ३४५८-ए कडे. हा मीटर एचपीच्या कोलोरॅडोतल्या लव्हलँड विभागाचा. 'एचपी जर्नल'चा एप्रिल १९८९ चा अंक बहुतांशी त्याच्यावरच आहे. मिळाला तर जरूर वाचा, इंजिनिअरने इंजिनिअरसाठी कसं लिहावं याचा तो नमुना आहे. त्यातला वेन गोकी यांचा लेख मीटरच्या कन्व्हर्टरवर आहे. ड्युअल स्लोपमध्ये बादली भरेपर्यंत थांबावं लागतं. मल्टिस्लोपमध्ये भरत असतानाच मापाने उपसत राहतात, त्यामुळे बादली लहान चालते आणि हिशेब बारीक होतो. हा कन्व्हर्टर इतका सरळ रेषेत चालतो की तो तपासायला साधी साधनं पुरेनात, जोसेफसन जंक्शनची रांग लावावी लागली. हेच यंत्र मनात आणलं तर साडेचार आकड्यांवर सेकंदाला एक लाख वाचनंही देतं.

या सरळपणाचा फायदा बघा. पूर्वी प्रत्येक रेंजला वेगळा मानक लागे. ३४५८-ए ला बाहेरून फक्त दोन गोष्टी दाखवायच्या: १० व्होल्ट आणि १० किलोओम. (आणि शून्यासाठी तांब्याचा शॉर्ट.) बाकी सगळ्या रेंज तो स्वतःच्या कन्व्हर्टरच्या भरवशावर, ऑटोकॅल की दाबली की, आपल्या आपण जुळवतो. म्हणजे शेकडो आकड्यांची वही शेवटी दोन नोंदींवर उभी आहे. म्हणूनच ती जाणं इतकं जिव्हारी लागतं.

इथेही हौशी लोकांना 'एमरीड' नावाची अनधिकृत कमांड सापडली, तिच्याने मेमरी पत्त्यानुसार वाचता येते. आधी तिने वहीची प्रत काढायची, मग वीज बंद करून डॅलसची चिप काळजीपूर्वक सोडवायची (ती बोर्डावर सोल्डर केलेली आहे, आणि आतल्या सेलला फार उष्णता सोसत नाही), प्रोग्रॅमरमध्ये दुसरी प्रत वाचायची, दोन्ही ताडून बघायच्या, आणि बोर्डावर सॉकेट बसवून त्यात नवी चिप घालायची. चिपच्या अंगावर चार आकडी तारीख छापलेली असते: ९२१४ म्हणजे १९९२ चा चौदावा आठवडा. अशा बऱ्याच चिप्स वीस-पंचवीस वर्षं तग धरून राहिल्या, काही नाही राहिल्या. ज्या राहिल्या नाहीत त्यांच्या मालकांना पूर्ण कॅलिब्रेशनचा खर्च आला आणि आधीच्या सगळ्या नोंदींशी मीटरचा संबंध तुटला.

हे मीटर हौशी माणसाच्या हातात आले कसे, तेही सांगायला हवं. डॉट-कॉमचा फुगा फुटला आणि २००१ च्या सुमारास टेलिकॉम कंपन्यांनी लॅबच्या लॅब भंगारात काढल्या. बे एरियात तेव्हा असलेल्यांना सनीवेलचं विअर्ड स्टफ, सांता क्लारातलं हॉल्टेड, आणि डी अँझा कॉलेजच्या पार्किंगमध्ये पहाटे भरत असे तो इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार आठवत असेल. विअर्ड स्टफ २०१८ मध्ये बंद झालं, हॉल्टेड २०१९ मध्ये. लॅमिंग्टन रोडवर वाढलेल्या माणसाला तिथे माहेरी आल्यासारखं वाटत असे, फक्त घासाघीस कमी.

आता बदलाची दुसरी जात, जिच्याबद्दल माझं मन अजून पूर्ण साफ नाही.

३४५८-ए चा रेफरन्स म्हणजे लिनियर टेक्नॉलॉजीची एलटीझी-१००० ही चिप, बॉब डॉबकिन यांची रचना. सुमारे ७.२ व्होल्टचा झेनर सिलिकॉनच्या पृष्ठभागाखाली पुरलेला, आणि त्याच चिपवर हीटर. हीटर झेनरला कायम एका तापमानावर ठेवतो, त्यामुळे खोलीतली थंडी-उकाडा त्याला कळत नाही. किती तापमानावर ठेवायचं हे दोन रेझिस्टरचं गुणोत्तर ठरवतं. एचपीने घेतलं १५ किलोओमला १ किलोओम, म्हणजे बऱ्यापैकी गरम. कारण साधं आहे: मीटर ५५ अंशांच्या खोलीतही चालला पाहिजे, त्यात डब्याच्या आतली उष्णता, आणि भट्टी नेहमी आसपासच्यापेक्षा गरम असावी लागते, नाहीतर तिला नियंत्रणच करता येत नाही. पण झेनर जितका गरम, तितका वर्षानुवर्षं तो जास्त सरकतो.

ज्याचा मीटर २२ अंशांच्या बेसमेंटमध्ये आहे त्याला ५५ अंशांशी काय देणं-घेणं? म्हणून लोक त्या १५ किलोओमला समांतर १०० किलोओमचा एक रेझिस्टर लावतात. गुणोत्तर तेराच्या आसपास येतं, भट्टी निवते, आणि रेफरन्सचं सरकणं कमी होतं. एक रेझिस्टर, काही रुपयांचा. कागदावर हा सौदा फुकटात पडल्यासारखा दिसतो.

पण त्या क्षणी रेफरन्सचं व्होल्टेज बदलतं, आणि वहीतले सगळे आकडे जुन्या व्होल्टेजसाठी लिहिलेले असतात. मीटर पुन्हा कॅलिब्रेट करावा लागतो, आणि झेनरला नव्या तापमानाला रुळायला वेळ द्यावा लागतो. मुख्य म्हणजे आधीची वीस वर्षं तो कसा सरकत आला ही माहिती निकामी होते. ३४५८-ए च्या रेफरन्सची मूळ हमी वर्षाला ८ पीपीएम, ऑप्शन ००२ घेतला तर ४ पीपीएम. पण ज्याच्याजवळ दहा वर्षांच्या नोंदी आहेत तो माणूस हमीकडे बघतच नाही. तो बघतो की हा मीटर दरवर्षी साधारण अमुक इतका वर जातो, म्हणजे पुढच्या मार्चमध्ये तो कुठे असेल. वेस्टन सेलवाले हेच करत होते.

मापनशास्त्राच्या अधिकृत शब्दसंग्रहातही कॅलिब्रेशन आणि ॲडजस्टमेंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नका असं स्पष्ट म्हटलंय. कॅलिब्रेशन म्हणजे मीटर किती चुकतो ते मोजून लिहिणं. ॲडजस्टमेंट म्हणजे ती चूक पुसणं. आपल्याकडे काय, परदेशातही काय, बहुतेकांना वाटतं मीटर लॅबला पाठवला की त्यांनी तो 'बरोबर करून' द्यावा. पण मोठ्या प्रयोगशाळा पुष्कळदा हातच लावत नाहीत, नुसती नोंद करतात. फ्लूकचा ७३२-बी हा १० व्होल्टचा मानक तर प्रवासातही बॅटरीवर जिवंत ठेवून नेतात. त्याची वीज एकदा जरी पूर्ण तुटली तरी पुढच्या पॅनेलवरचा 'इन कॅल' दिवा विझतो. तो चालू केल्यावर १० व्होल्ट देतच असतो. दिवा फक्त एवढंच सांगतो की साखळी तुटली.

म्हणून माझं मत असं: भंगारातून आलेला, वही कोरी झालेला ३४५८-ए असेल तर भट्टी निववा, खुशाल. तिथे गमावण्यासारखं काही नाही. ज्याच्या मागे प्रमाणपत्रांची चळत आहे त्याला हात लावू नका. यावर दुसरी बाजू आहे हे मला ठाऊक आहे: पाच वर्षं थांबा, नवा इतिहास जुन्यापेक्षा चांगला तयार होईल. बरोबर आहे. पाच वर्षं थांबायची तयारी मात्र हवी.

आणि कधी कधी मीटर तसाच राहतो, व्होल्टच बदलतो. १ जानेवारी १९९० ला जगाने जोसेफसन परिणामावर आधारलेला व्होल्ट स्वीकारला, आणि त्या मध्यरात्री अमेरिकेचा व्होल्ट ९.२६४ पीपीएमने मोठा झाला. ब्रिटनचा ८.०६ ने. म्हणजे ३१ डिसेंबरला अमेरिकेत जो सेल बरोबर १० व्होल्टचा होता तो सकाळी ९.९९९९०७४ चा झाला, आणि त्याला कोणी स्पर्शही केला नव्हता. ३४५८-ए बाजारात येऊन तेव्हा जेमतेम वर्ष होत होतं, आणि त्याला हा फरक डोळे मिटून दिसणारा. अमेरिकेतल्या सगळ्या अचूक मीटरच्या वह्या त्या वर्षी नव्याने लिहाव्या लागल्या, किंवा समासात 'हे जुन्या व्होल्टमध्ये' असं नोंदवावं लागलं. २० मे २०१९ ला एसआय एककांची पुन्हा व्याख्या झाली तेव्हा व्होल्ट परत हलला, पण या वेळी फक्त ०.१ पीपीएमच्या आसपास, उलट दिशेने. १० व्होल्टवर एक मायक्रोव्होल्ट. बहुतेकांना कळलंही नाही.

एचपीचा ३४४०१-ए आपल्यातल्या जास्त लोकांनी पाहिला असेल. साडेसहा आकडी, १९९० च्या दशकात जगातल्या जवळपास प्रत्येक लॅबमध्ये एक तरी. याने वहीचा प्रश्न मुळातच सोडवला: नोंदी बॅटरी न लागणाऱ्या मेमरीत. शिवाय तीन चांगल्या सोयी. एक, १२ अक्षरांपर्यंतचा सिक्युरिटी कोड, जो कारखान्यातून एचपी०३४४०१ असा येई (आणि बहुतेकांनी तो कधीच बदलला नाही, जसे आपण राउटरचा पासवर्ड बदलत नाही). दोन, ४० अक्षरांचा संदेश, शेवटचं कॅलिब्रेशन कधी, वगैरे लिहायला. तीन, आणि मला सगळ्यात आवडलेली, एक मोजणी. वहीत काहीही लिहिलं की ती वाढते आणि ती कोणालाही खाली आणता येत नाही. ३२,७६७ झाल्यावरच शून्य. सोळा बिट्स, चिन्हासकट; ओळखलंत.

कोड विसरला तर काय? सर्व्हिस गाइडमध्येच लिहिलंय: झाकण उघडा, बोर्डावरचे अमुक दोन पॅड शॉर्ट करा, कुलूप उघडेल. म्हणजे एचपीने दार बंदही ठेवलं नाही आणि सताड उघडंही टाकलं नाही. आत जा, पण मोजणी वाढणार. सिक्युरिटीवर काम करणाऱ्या आपल्या मित्रांना यात ऑडिट लॉग दिसेल. मला त्यात ग्राहकाबद्दलचा आदर दिसतो.

त्या काळच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पूर्ण सर्किट असे, प्रत्येक रेझिस्टरच्या किमतीसकट. त्यावरूनच हे सगळे बदल शक्य झाले. मावळत चाललेल्या डिस्प्लेच्या जागी ओलेड लावणारे लोकही त्याच पानांवरून वायरी शोधतात. ३४४०१-ए चा वारसदार ३४४६१-ए एजिलेंटने २०१३ मध्ये आणला, मीटर म्हणून तो उत्तमच आहे. पण आता सर्किट छापत नाहीत. त्या मालिकेतल्या वरच्या मीटरमध्ये वेगवान डिजिटायझिंग आणि मोठी मेमरी अशी वैशिष्ट्यं वेगळे पैसे भरून लायसन्सने उघडायची सोय आली. १९८९ मध्ये जादा मेमरीचा ऑप्शन ००१ घेतला तर खरोखर जादा चिप्स येत. आता चिप्स आधीपासून आत असतात, फक्त परवानगी विकत घ्यायची. सॉफ्टवेअरवाल्यांनी या धंद्याला नावं ठेवावीत हे जरा विनोदी आहे, तरी ठेवतो. जुन्या मीटरच्या फर्मवेअरला लोकांनी हात घातला तो मुख्यतः त्याला जिवंत ठेवायला. नव्याच्या फर्मवेअरला घालतात तो बरेचदा कुलूप तोडायला, आणि त्यात मोजण्याचं काहीच शिकायला मिळत नाही.

जाता जाता एक योगायोग. डॅलस सेमीकंडक्टर २००१ मध्ये मॅक्सिमने घेतली आणि मॅक्सिम २०२१ मध्ये ॲनालॉग डिव्हायसेसने. लिनियर टेक्नॉलॉजी २०१७ मध्ये ॲनालॉग डिव्हायसेसनेच घेतली होती. म्हणजे ३४५८-ए ला व्होल्ट देणारी चिप आणि त्याची वही सांभाळणारी चिप, दोघी आता एकाच घरी नांदतात.

कोणाच्या ऑफिसच्या लॅबमध्ये, युनिव्हर्सिटीत किंवा घरी १९८०-९० च्या दशकातला बॅटरीवाला मीटर असेल, तर झाकण उघडण्याआधी जीपीआयबीवरून वहीची प्रत काढा आणि दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. ३४७८-ए ला २५६ वाचनं, एक-दोन मिनिटांचं काम. चिपवरची तारीख त्यानंतर बघा.